परदेशस्थ व्यावसायिक बास्केटबॉलपटूचे जीवन : करार, कायदा आणि घर

प्रस्तावना

भिवंडी तालुक्यातील अंजूर, मानकोली, दापोडे, काल्हेर या पट्ट्यात पूर्वी प्रामुख्याने भातशेती होती. आज तेथे गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. अंजूर फाट्यावरून भिवंडी शहराकडे वळले की यंत्रमागांचा आवाज सुरू होतो. या दोन्ही उद्योगांत राबणारा मोठा वर्ग बाहेरगावचा आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून तो येतो, चौघांत खोली वाटून राहतो, खानावळीत म्हणजे येथील भाषेत 'भिस्सी'त जेवतो, गावी पैसे पाठवतो आणि काम थांबले की परत फिरतो. त्यामुळे या परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'कंत्राट' या शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही.

परदेशात राहून बास्केटबॉल खेळणारा व्यावसायिक खेळाडू आणि हा कामगार यांचे काही नाते असेल, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. खेळाडूची प्रतिमा दूरचित्रवाणीने घडवलेली आहे. भव्य प्रेक्षागृह, झगमगता प्रकाश आणि कोट्यवधींचे मानधन एवढेच तीत दिसते. वस्तुस्थिती वेगळी आहे. जगभरातील लीगमध्ये खेळणाऱ्या बहुसंख्य परदेशी खेळाडूंचे जीवन हे हंगामी करारावर जगणाऱ्या स्थलांतरित कामगाराचे जीवन आहे. त्याचे वेतन अधिक आहे, परंतु त्याच्या कामाचे आयुष्य कमी आहे. प्रस्तुत लेखात या जीवनाची रचना, त्यामागील नियम आणि भारतीय खेळाडूंचे अनुभव यांचा विचार केला आहे. महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे, कारण असा निर्णय घेण्याची वेळ खेळाडूवर बहुधा अठरा ते बावीस या वयात, म्हणजे तो महाविद्यालयात असतानाच येते.

महाराष्ट्र आणि बास्केटबॉल : एक विसंगती

दि. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळी येथील एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीएच्या दोन संघांचे हंगामपूर्व सामने झाले. एनबीएचे सामने भारतात होण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांतील सॅक्रामेंटो किंग्ज या संघाची मालकी २०१३ मध्ये मिळवणारे विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. एनबीए संघाची बहुसंख्य मालकी मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिले गृहस्थ होत. पहिल्या सामन्याला हजारो शाळकरी मुले उपस्थित होती. ज्या मैदानावर मुंबईत जन्मलेल्या मालकाचा संघ खेळत होता, त्या मैदानावर दोन्ही संघांत भारतात वाढलेला एकही खेळाडू नव्हता. भारतात जन्मलेल्या एकाही खेळाडूने एनबीएच्या नियमित हंगामातील सामना आजवर खेळलेला नाही.

महाराष्ट्रात बास्केटबॉल नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबईतील नागपाडा या वस्तीने अनेक पिढ्या बास्केटबॉलपटू दिले. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या युबीए लीगमध्ये मुंबई व पुणे या दोन्ही शहरांच्या नावाने संघ होते, परंतु ती लीग काही हंगामांनंतर बंद पडली. २०२२ मध्ये आयएनबीएल ही नवी स्पर्धा सुरू झाली. खेळ आहे, खेळाडू आहेत, स्पर्धाही येतात आणि जातात. तरीही येथून परदेशी लीगपर्यंत पोहोचणारी वाट तयार झालेली नाही. याचे कारण केवळ उंची किंवा कौशल्य यांत शोधणे अपुरे ठरेल. 'व्यावसायिक' या शब्दाला आपल्याकडे जो अर्थ प्राप्त झाला आहे, तोही तपासला पाहिजे.

'व्यावसायिक' या संज्ञेचे दोन अर्थ

भारतात चांगल्या बास्केटबॉलपटूचे अंतिम ध्येय बहुतांशी नोकरी हे असते. रेल्वे, ओएनजीसी, राज्यांची पोलीस दले आणि बँका खेळाडूंना सेवेत घेतात. महाराष्ट्र शासनाने २००५ च्या शासन निर्णयाद्वारे प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय व निमशासकीय सेवेत पाच टक्के समांतर आरक्षण ठेवले. या व्यवस्थेत खेळ हे नोकरीपर्यंत नेणारे साधन आहे. खेळणे संपले तरी नोकरी संपत नाही. लिपिकाचा अधीक्षक होतो, वेतनवाढ मिळते, निवृत्तीचे लाभ मिळतात. मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंबाने याच व्यवस्थेवर विश्वास ठेवला, तर त्यात नवल नाही.

परदेशी लीगमधील व्यावसायिकता याच्या उलट दिशेने चालते. तेथे खेळणे हीच नोकरी असते. क्लब खेळाडूच्या निवृत्तीपर्यंतचा विचार करत नाही, हंगामाच्या अखेरीपर्यंतचा करतो. पुष्कळदा तेवढाही करत नाही. तिशी ओलांडल्यावर खेळाडूचे बाजारमूल्य घसरू लागते, आणि पस्तिशीनंतर खेळणारे मोजकेच असतात. म्हणजे ज्या वयात भारतीय नोकरदार स्थिरावू लागतो, त्या वयात हा खेळाडू 'निवृत्त' होतो. पहिल्या अर्थाने व्यावसायिक झालेल्या खेळाडूने दुसऱ्या अर्थाने व्यावसायिक व्हायचे ठरवले, तर त्याला हातची नोकरी सोडावी लागते, किंवा बिनपगारी रजा मिळण्याची वाट पाहावी लागते. भारतीय बास्केटबॉलपटूच्या परदेशगमनातील खरा पेच येथे आहे.

एक जुने उदाहरण : विनू मंकड आणि हॅस्लिंग्डन

हा पेच नवा नाही. बास्केटबॉलच्या आधी भारतीय क्रिकेटपटूंनी तो अनुभवला होता. इंग्लंडमधील लँकेशायर लीगची स्थापना १८९२ मध्ये झाली. सुती कापडाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लहान लहान गावांचे क्लब या लीगमध्ये खेळत. बाकीचे खेळाडू गावातले हौशी, आणि प्रत्येक क्लबचा एक पगारी व्यावसायिक, अशी तिची रचना होती. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी १९२९ पासून नेल्सन या गावासाठी असेच खेळून नाव व पैसा मिळवला. भिवंडीसारख्या कापडनगरीच्या वाचकाला या गावांचे वातावरण परके वाटू नये. आठवडाभर माग चालायचे आणि शनिवारी दुपारी सारे गाव मैदानावर यायचे. व्यावसायिकाने अर्धशतक केले, तर प्रेक्षकांतून वर्गणी गोळा करून त्याला देण्याची प्रथा होती.

१९५२ च्या आरंभी मद्रास येथे भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. त्यात विनू मंकड यांनी बारा बळी घेतले. त्याच वर्षी भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता. संघात निवड होईल अशी हमी मंकड यांनी मागितली. ती न मिळाल्याने त्यांनी हॅस्लिंग्डन क्लबचा करार स्वीकारला. लीड्स येथील पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावातील अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली. त्यानंतर क्लबने मंकड यांना मोकळे केले, आणि लॉर्ड्सच्या कसोटीत त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या आणि पाच बळी घेतले.

या प्रसंगाकडे सहसा मंकड यांचा पराक्रम म्हणून पाहिले जाते. श्रमसंबंधांच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा लागतो. मंडळ हमी देत नव्हते, क्लब लेखी करार देत होता, आणि ज्याच्या उपजीविकेचा प्रश्न होता त्याने करार निवडला. देशासाठी खेळता यावे म्हणून क्लबची परवानगी लागली. हीच परिस्थिती आजच्या बास्केटबॉलमध्येही आढळते. 'फिबा' या जागतिक संघटनेने विश्वचषकाचे पात्रता सामने नोव्हेंबर २०१७ पासून क्लबांच्या हंगामाच्या मध्यातच घेण्यास प्रारंभ केला. त्या वेळी एनबीए आणि युरोलीग यांनी आपापले हंगाम थांबवले नाहीत. दोन मालकांच्या वेळापत्रकात खेळाडू मधे सापडतो, ही गोष्ट सत्तर वर्षांनंतरही कायम आहे.

जागतिक बाजाराची रचना

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नाइस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे सुरू केला. वायएमसीएच्या माध्यमातून तो अल्पावधीत भारतासह अनेक देशांत पोहोचला. आज एनबीएखेरीज स्पेन, तुर्कस्तान, इटली, फ्रान्स, चीन, जपान, फिलिपाइन्स, ऑस्ट्रेलिया अशा कितीतरी देशांत पगारी लीग चालतात. या बाजारात प्रवेश करू पाहणाऱ्या परदेशी खेळाडूला तीन दारांतून जावे लागते.

पहिले दार परदेशी खेळाडूंच्या मर्यादेचे. स्थानिक खेळाडूंना वाव मिळावा म्हणून बहुतेक लीग परदेशी खेळाडूंची संख्या ठरवून देतात. फिलिपाइन्सच्या लीगमध्ये 'इम्पोर्ट' म्हणजे आयात खेळाडू हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि काही स्पर्धांत त्याच्या उंचीवरही मर्यादा घातली जाते. जागा एक किंवा दोन असल्याने क्लब त्या जागेवर शिकाऊ खेळाडू घेत नाही. संघाला विजय मिळवून देणारा तयार खेळाडू घेतो. युरोपात याला नागरिकत्वाचा आणखी एक पदर आहे. युरोपीय न्यायालयाने दि. १५ डिसेंबर १९९५ रोजी फुटबॉलपटू बोस्मन यांच्या खटल्यात दिलेल्या निर्णयामुळे युरोपीय संघातील देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशांत खेळण्यावरील बंधने दूर झाली. त्याचा परिणाम बास्केटबॉलवरही झाला. भारतीय पारपत्र असलेला खेळाडू मात्र परदेशीच राहतो. समान गुणवत्तेच्या दोन खेळाडूंत क्लब कोणाला पसंती देईल, हे यावरून समजते.

दुसरे दार कागदपत्रांचे. एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबकडे जाताना मूळ देशाच्या महासंघाचे ना-हरकत पत्र आवश्यक असते. ते मिळाल्याशिवाय खेळाडूची नोंदणी होत नाही. यापाठोपाठ कामाचा परवाना व व्हिसा यांची पूर्तता करावी लागते.

तिसरे दार दलालाचे. लीग आणि खेळाडू यांच्यामध्ये एजंट असतो. त्याला फिबाचा परवाना लागतो, आणि त्याची दलाली सामान्यतः कराराच्या दहा टक्क्यांपर्यंत असते. चांगला एजंट खेळाडूचे हित पाहतो. वाईट एजंट भिवंडीच्या मुकादमाप्रमाणे दोन्ही बाजूंकडून घेतो आणि वाद झाला की दूर होतो.

करारातील कलमे

परदेशी खेळाडूच्या करारात वेतनाबरोबर राहण्याची सोय, हंगामाच्या आरंभी व अखेरीस विमानाचे तिकीट, कधी मोटार आणि वैद्यकीय विमा यांचा समावेश असतो. युरोपातील अनेक करारांत वेतनाचा आकडा कर वजा जाता दिलेला असतो. या गोष्टी आकर्षक वाटतात, परंतु खेळाडूचे भवितव्य ज्यांवर अवलंबून असते ती कलमे वेगळीच असतात.

त्यांतील पहिले कलम वैद्यकीय तपासणीचे. खेळाडू हजारो मैल प्रवास करून पोहोचतो, आणि तपासणीत जुनी दुखापत आढळली तर करार अमलातच येत नाही. दुसरे कलम हमीचे. करार हमीचा नसेल, तर क्लब पुढच्या वेतनाची जबाबदारी न घेता खेळाडूला मुक्त करू शकतो. एनबीएमध्ये तर दहा दिवसांचा करार अधिकृतपणे अस्तित्वात आहे. भारतीय वंशाचे कॅनेडियन खेळाडू सिम भुल्लर यांनी एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून अशाच कराराच्या आधारे मैदानात पाऊल ठेवले आणि ते एनबीएत खेळणारे भारतीय वंशाचे पहिले खेळाडू ठरले. पुढे त्यांची कारकीर्द तैवानमध्ये घडली. तिसरे कलम वेतन थकल्यास काय करायचे याचे. ठरावीक दिवसांत वेतन न मिळाल्यास करार मोडून मोकळे होण्याचा अधिकार खेळाडूला असावा लागतो, आणि तो लेखी असावा लागतो.

चौथे कलम सर्वांत दुर्लक्षित, परंतु सर्वांत महत्त्वाचे आहे. वेतन थकवणारे क्लब अनेक देशांत आढळतात. परक्या देशात, परक्या भाषेत, स्थानिक न्यायालयात दावा चालवणे खेळाडूला शक्य नसते. म्हणून फिबाने २००७ मध्ये एक लवाद स्थापन केला. आज तो बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरण या नावाने ओळखला जातो व त्याचे आसन जिनिव्हा येथे आहे. त्याचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि दोन्ही पक्षांनी अन्य कायदा ठरवलेला नसल्यास लवाद एखाद्या देशाच्या कायद्याऐवजी न्याय्य व रास्त काय या तत्त्वावर निर्णय देतो. निर्णय न पाळणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली जाऊ शकते. मात्र या न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी तशी तरतूद करारात लिहिलेली असावी लागते. ते एक वाक्य करारात नसेल, तर खेळाडूच्या हातात काही उरत नाही.

याला कराचाही प्रश्न जोडलेला आहे. देशादेशांतील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांत कलावंत व खेळाडू यांच्यासाठी स्वतंत्र कलम असते, आणि त्यानुसार खेळ जेथे झाला त्या देशाला कर घेता येतो. पाच महिने परदेशात खेळून सात महिने भारतात राहणारा खेळाडू भारतीय कायद्याने निवासीच राहतो. त्यामुळे परदेशी उत्पन्न येथे जाहीर करणे आणि तेथे भरलेल्या कराची वजावट मागणे या दोन्ही गोष्टी त्याला कराव्या लागतात. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला हे सांगणारे कोणी नसते.

भारतीय खेळाडूंचे अनुभव

या पार्श्वभूमीवर काही भारतीयांचे प्रवास पाहणे उद्बोधक ठरेल. केरळच्या गीथू अ‍ॅना जोस या दक्षिण रेल्वेच्या खेळाडू. २००६ ते २००८ या काळात त्या मेलबर्नजवळील रिंगवुड क्लबकडून खेळल्या. ऑस्ट्रेलियातील क्लबसाठी खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०११ मध्ये अमेरिकेतील डब्ल्यूएनबीएच्या शिकागो, लॉस एंजेलिस व सॅन अँटोनियो या संघांनी त्यांना चाचणीसाठी बोलावले. त्यांची निवड झाली नाही; मात्र त्यानंतरही त्या भारतीय संघाचा आधारस्तंभ राहिल्या. देशातील नोकरी आणि परदेशातील हंगाम हे दोन्ही एकाच कारकिर्दीत बसू शकतात, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

पंजाबमधील बल्लो के या खेड्यातील सतनामसिंग भमरा यांचा मार्ग वेगळा होता. लुधियानाच्या अकादमीतून २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, ते शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत गेले. त्या वेळी त्यांना इंग्रजी जवळपास येत नव्हते. २०१५ च्या निवडप्रक्रियेत डॅलस मॅव्हरिक्सने त्यांना ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीए संघाने निवडलेले ते भारतात जन्मलेले पहिले खेळाडू. महाविद्यालयीन स्पर्धा किंवा अन्य व्यावसायिक लीग न खेळता ते थेट या टप्प्यावर पोहोचले होते. निवड म्हणजे करार नव्हे, ही गोष्ट त्या वेळच्या जल्लोषात फारशी लक्षात घेतली गेली नाही. ते मॅव्हरिक्सच्या दुय्यम लीगमधील संघाकडून खेळले, पुढे कॅनडातील एका लीगमध्ये खेळले आणि अखेर व्यावसायिक कुस्तीकडे वळले.

दुय्यम लीगचे अर्थकारणही येथे नोंदवले पाहिजे. २०१७-१८ च्या हंगामात जी-लीगमधील मूळ वेतन १९ हजार व २६ हजार डॉलर अशा दोन श्रेणींत होते. २०१८-१९ पासून ते ३५ हजार डॉलर झाले. अमेरिकेतील खर्चाच्या मानाने ही रक्कम बेताचीच आहे. २०१७-१८ च्या हंगामात अमज्योतसिंग हे याच लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लू या संघाकडून खेळले. त्यापूर्वी ते व अमृतपालसिंग जपानमध्ये टोकियोच्या संघात एकत्र खेळले होते. दोघे एकाच संघात असणे ही साधी बाब नव्हे. परक्या शहरात आपल्या भाषेत बोलणारा एक सहकारी असणे हा मोठा आधार असतो. त्याच सुमारास अमृतपालसिंग सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये दाखल झाले, आणि ओएनजीसीचे विशेष भृगुवंशी यांना अ‍ॅडलेड येथील संघाने सरावासाठी करारबद्ध केले. सरावाच्या करारात खेळाडू संघाबरोबर घाम गाळतो, परंतु सामन्यात उतरण्याची शाश्वती नसते.

२०२० मध्ये प्रिन्सपालसिंग यांना जी-लीगच्या 'इग्नाइट' या संघात स्थान मिळाले. एनबीएने २०१७ मध्ये दिल्लीजवळ सुरू केलेल्या अकादमीतून ते पुढे आले होते. २०२१ मध्ये लास व्हेगासची उन्हाळी स्पर्धा जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या चमूत ते होते. या सर्व उदाहरणांत एक समान धागा आढळतो. कोणाचाही करार दीर्घ मुदतीचा नव्हता. बहुतेकांना परतण्यासाठी भारतातील संघ व संस्था उपलब्ध होत्या, म्हणून ते जाऊ शकले आणि परतूही शकले.

दैनंदिन जीवन

परदेशी खेळाडूच्या दिवसाचे स्वरूप एकसुरी असते. सकाळी व्यायामशाळा आणि नेमबाजीचा सराव, दुपारी विश्रांती, सायंकाळी संघाचा सराव, आठवड्यात एक-दोन सामने आणि त्यांसाठी लांबचा प्रवास. उरलेला वेळ खोलीत जातो. लहान शहरात इंग्रजी बोलणारे मोजके असतात. शाकाहारी खेळाडूला पुरेशी प्रथिने मिळवण्यासाठी स्वतःच स्वयंपाक शिकावा लागतो. औषध घेतानाही सावध राहावे लागते. साध्या सर्दीच्या गोळीत किंवा पूरक आहारात निषिद्ध द्रव्य असेल, तर 'मला ठाऊक नव्हते' हा बचाव पुरत नाही. नामांकित खेळाडूंना तर आपण कोणत्या दिवशी कोठे असू, याची माहिती उत्तेजक-विरोधी यंत्रणेला आधीच द्यावी लागते.

संघ हरू लागला की पहिला रोष परदेशी खेळाडूवर येतो, कारण त्याला जिंकण्यासाठीच आणलेले असते. त्याची जागा दुसऱ्या परदेशी खेळाडूने भरणे क्लबला सोपे असते. दुखापतीच्या काळात ही असुरक्षितता अधिक तीव्र होते. घरची लग्ने, सण, आजारपण, क्वचित मृत्यूदेखील दूरध्वनीवरूनच कळतात. हंगाम संपला की सदनिकेची किल्ली परत करायची आणि पुढचा करार येईपर्यंत घरी थांबायचे. नातेवाईक विचारतात, 'आता पुढे काय?' आणि याचे उत्तर खेळाडूकडेही नसते.

काहींना परदेशात दुसरे घरही मिळते. अमेरिकेचे स्टीफन मार्बरी २०१० मध्ये चीनला गेले. बीजिंगच्या संघाला त्यांनी २०१२, २०१४ व २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. त्या शहरात त्यांचा पुतळा उभारला गेला. उलट ब्रिटनी ग्राइनर यांचा अनुभव या जीवनातील धोका दाखवतो. अमेरिकेतील महिला खेळाडूंना स्वदेशात मिळणारे वेतन कमी असल्याने त्यांतील अनेकजणी सुटीच्या काळात रशिया, तुर्कस्तान, चीन येथे खेळत. २०२२ मध्ये डब्ल्यूएनबीएचे कमाल मूळ वेतन सुमारे २ लाख २८ हजार डॉलर होते. रशियातील क्लब त्याच्या कित्येक पट देत. ग्राइनर यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्को विमानतळावर गांजाच्या तेलाच्या नळ्या जवळ बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली, ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि कैद्यांच्या अदलाबदलीतून दि. ८ डिसेंबर २०२२ रोजी सुटका झाली. जगातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक असूनही तिला अर्थार्जनासाठी परदेशी जावे लागले, आणि तेथे तिचे रक्षण कराराने नव्हे, तर तिच्या देशाच्या मुत्सद्देगिरीने केले. ज्याच्यामागे एवढे सामर्थ्य नाही, त्या खेळाडूने यजमान देशाचे कायदे जाण्यापूर्वीच समजून घेणे आवश्यक आहे.

महाविद्यालयांची भूमिका

वरील विवेचनावरून महाविद्यालयीन स्तरावर काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत, असे दिसते.

१) क्रीडा विभाग आणि वाणिज्य, विधी, इंग्रजी हे विभाग यांनी मिळून खेळाडू-विद्यार्थ्यांना कराराचे वाचन शिकवावे. हमी, वैद्यकीय तपासणी, थकीत वेतन आणि लवाद ही चार कलमे कोणत्याही विद्यार्थ्याला दोन तासांत समजावून देता येतात.

२) पदवी अपुरी ठेवून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती पूर्ण करण्याचा मार्ग दाखवावा. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यासाठी उपयुक्त आहे. हंगामाच्या अखेरीस परतलेल्या खेळाडूला परीक्षा देता आली पाहिजे.

३) खेळाडूंना सेवेत घेणाऱ्या संस्थांनी परदेशी करारासाठी हक्काची बिनपगारी रजा आणि पदावरील हक्क कायम राखण्याचे स्पष्ट नियम करावेत, असा आग्रह क्रीडा संघटनांबरोबर शिक्षकांनीही धरावा. आज ही बाब पुष्कळदा अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते.

४) पालकांशी मोकळेपणाने बोलावे. 'परदेशात संधी' या शब्दांनी पालक हुरळून जातात किंवा घाबरतात. अकादमीचा प्रवेश, संघाकडून झालेली निवड, सरावाचा करार आणि हमीचा करार या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना समजले तर निर्णय अधिक डोळस होईल.

समारोप

परदेशस्थ व्यावसायिक बास्केटबॉलपटूचे जीवन हे केवळ यशाचे किंवा केवळ वंचनेचे चित्र नाही. ते हंगामी श्रमाचे जीवन आहे आणि त्याला श्रमाचेच नियम लागू होतात. मजुरी ठरलेली असावी, ती लेखी असावी, ती थकली तर दाद मागण्याची जागा असावी, आणि काम संपल्यावर परतण्यासाठी घर असावे, एवढीच कोणत्याही स्थलांतरित माणसाची मागणी असते. १९५२ मध्ये विनू मंकड यांना जी हमी आपल्या मंडळाकडून हवी होती, ती मूलतः हीच होती.

भिवंडी परिसरातील विद्यार्थी कबड्डीचे व क्रिकेटचे मैदान ओळखतो. बास्केटबॉलचे मैदान त्याच्यासाठी अजून दुर्मीळ आहे. तरीही उद्या एखादी उंच मुलगी किंवा मुलगा त्या मैदानावरून दूरच्या देशाच्या करारापर्यंत पोहोचेल, हे अशक्य नाही. त्या वेळी करारावर सही करण्यापूर्वी तो कागद एखाद्या शिक्षकासमोर ठेवावा असे त्याला वाटले, आणि त्या शिक्षकाला तो वाचता आला, तर महाविद्यालयाने आपले काम केले असे म्हणता येईल.